‘मृच्छकटिक’ दोन तासांत: शकाराचा सूड आणि शेवटची क्षमा

प्रश्न
शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचे दहा अंक दोन तासांत बसवायचे आहेत. जुगाऱ्यांचा प्रवेश, शर्विलकाची घरफोडी आणि चारुदत्ताचा मुलगा रोहसेन याची मातीची गाडी काढली, म्हणजे गरीब चारुदत्त आणि गणिका वसंतसेना यांची प्रेमकथा सुटसुटीत झाली. पण शकार, म्हणजे राजाचा मेहुणा आणि नाटकातला खलनायक, शेवटपर्यंत नुसता विदूषकी वाटतो आणि चारुदत्त त्याला सोडतो ते पटत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर १
कात्री नको तिथे चालली आहे. सहाव्या अंकात रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो, वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्याची मातीची गाडी भरते. चारुदत्त ते परत करायला आपला मित्र मैत्रेय याला धाडतो आणि नवव्या अंकात, शकाराने चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ घातल्यावर, भर न्यायालयात शकाराशी झोंबाझोंबी होताना, ते मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात. लेकराचं रडू थांबवायला दिलेलं सोनं बापाला सुळाकडे नेतं! गाडी काढलीत तर तुमच्या न्यायालयात पुरावा कुठून येणार?

जुगाऱ्यांचा प्रवेश पाच मिनिटांवर आणा, पण ठेवा. दहा सुवर्णांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) कर्जातून वसंतसेनेने सोडवलेला जुगारी संवाहकच पुढे भिक्षू होऊन, शकाराने गळा आवळल्यावर तिला शुद्धीवर आणतो. तो नसेल तर तिचं वाचणं निव्वळ योगायोग ठरतं.

उत्तर २
शकाराबद्दल. पहिल्या अंकात तो मैत्रेयाकरवी चारुदत्ताला निरोप देतो: वसंतसेनेला माझ्या हवाली कर, नाहीतर मरेपर्यंत वैर. रावण आणि कुंतीची जोडी लावणाऱ्या त्याच्या बडबडीत हे वाक्य बुडतं. हसू ओसरू द्या, मगच ते घ्या.

आठव्या अंकात क्रम हलवू नका. तो वसंतसेनेच्या पाया पडतो, ती लाथाडते. मग तो आपला सोबती विट याला तिला मारायला सांगतो, नकार. आपला गाडीवान स्थावरक याला सोन्याच्या कड्यांचं आमिष दाखवतो. स्थावरक म्हणतो, शरीरावर तुमची सत्ता, चारित्र्यावर नाही. दोघांना युक्तीने दूर पाठवून मग तो तिचा गळा आवळतो. हसू थांबायला हवं ते या दुसऱ्या नकारावर. त्याआधीच त्याला क्रूर केलात तर हा धक्काच उरत नाही.

न्यायालयात तो ‘मारली, मी नाही’ असं बोलून जातो, कायस्थ (न्यायालयाचा लेखनिक) ते लिहून घेतो आणि शकार पायाने पुसून टाकतो. कायस्थाला जमिनीवर, प्रेक्षकांना दिसेल असा बसवा. राजाच्या मेहुण्याची मुजोरी त्या एका पायात आहे.

उत्तर ३
क्षमा पटत नाही, कारण ती घाईत उरकली जाते. मूळ संहितेत शर्विलक शिक्षा सुचवत राहतो, लोक ‘मारा’ म्हणून ओरडतात, चारुदत्त आधी ‘मी सांगेन ते करशील?’ असं वदवून घेतो आणि मग ‘सोडा’ म्हणतो. शरण आलेल्या शत्रूला शस्त्राने नव्हे, उपकाराने मारावं, हे त्याचं कारण. मधले प्रश्न गाळले की तो भोळा दिसतो. वसंतसेनेने वध्यमाला (वधाला नेताना घातलेली माळ) चारुदत्ताच्या गळ्यातून काढून शकारावर फेकणं मात्र राहू द्या. तिचा राग खरा आहे, तो क्षमेशेजारी दिसलाच पाहिजे. माळ सैल ओवा, केसांत अडकली तर प्रसंग फुकट जातो.

वेळ वाचवायचा तर चारुदत्ताची पत्नी धूता हिचा अग्निप्रवेश आखडता घ्या, घरफोडीला कात्री लावू नका. चौथ्या अंकात वसंतसेना आपली दासी मदनिका हिला दास्यातून मोकळी करून, तिच्यासाठीच घरफोडी केलेल्या शर्विलकाच्या हाती देते आणि मदनिका ‘वधू’ होते. दहाव्यात तोच शर्विलक, नवा राजा आर्यक याच्या वतीने, वसंतसेनेला ‘वधू’ म्हणून तिच्या डोक्यावर पदर घालतो. दोन्हीकडे तीच ओढणी वापरा.