कॉनकॅनची सहल: तंबू नदीकाठी की वर?

प्रेषक: सहल समिती
दिनांक: 4 जानेवारी 2026

नमस्कार मंडळी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तिळगुळाचं पत्र वेगळं येईल, हे उन्हाळी सहलीचं आहे. यंदा टेक्सासातलं गार्नर स्टेट पार्क. फ्रिओ नदीच्या काठी, कॉनकॅन गावाजवळ. बैठकीत कोणीतरी "चला, कोकणात जाऊ" म्हणालं आणि तेव्हापासून समितीत या सहलीचं नाव कोकणच पडलंय.

तारखा: शुक्रवार 12 जून ते रविवार 14 जून. आता पत्र टाकायचं कारण असं की टेक्सासच्या स्टेट पार्कांत मुक्कामाचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं, आणि गार्नरमधल्या जूनच्या शनिवार-रविवारच्या जागा रेल्वेच्या तत्काळ तिकिटांसारख्या उडतात. तेव्हा 12 जानेवारीला सकाळी आम्ही आरक्षणाला बसणार. एका जागेवर आठच माणसं चालतात, म्हणून घरटी आकडा नक्की कळवा. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशाचे पैसे नाहीत. 65 वर्षांवरच्या टेक्सासवासी ज्येष्ठांना अर्ध्या प्रवेश-दराचा पास मिळतो, तोही आधीच करून घ्या.

विचार असा आहे की अगदी पाण्याला लागून असलेल्या ओळीतल्या जागा घ्याव्यात. सकाळी तंबूची चेन उघडली की समोर नदी!

— सहल समिती

* * *

प्रेषक: लिअँडरहून, दोन मुलांची आई
दिनांक: 4 जानेवारी

समितीचे आभार, पण शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला. गेल्या 4 जुलैला अजून सहा महिनेच झालेत. ग्वाडालूपे नदीच्या पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत उन्हाळी शिबिराला गेलेल्या लहान मुली होत्या. माझी मोठी तेवढ्याच वयाची आहे. जुलैचा पूर्ण महिना ती रात्री पाऊस लागला की उठून आमच्या खोलीत यायची.

सहल नको असं म्हणत नाही. पण नदीला लागून तंबू? आम्ही असलो तर दिवसाच येऊ आणि संध्याकाळी हॉटेलवर जाऊ.

* * *

प्रेषक: सीडर पार्कहून
दिनांक: 4 जानेवारी

वहिनी, काळजी समजते. पण ती ग्वाडालूपे आणि ही फ्रिओ. वेगळी नदी, वेगळा काउंटी. फ्रिओला तर बऱ्याच उन्हाळ्यांत ट्यूब तरंगण्याइतकंही पाणी नसतं. आपण गेलो आणि ढुंगण दगडाला घासत चाललो, असंच होण्याची शक्यता जास्त. (भाषेबद्दल क्षमस्व, ज्येष्ठ वाचतात हे विसरलो.)

* * *

प्रेषक: राउंड रॉकचे काका
दिनांक: 5 जानेवारी

सर्वांना नमस्कार.

मी गार्नरला वर्षानुवर्षं जातोय, म्हणून थोडं लांब लिहितो. कंटाळा आला तर खाली जेवणाचं काय ठरतंय तेवढं वाचा.

सीडर पार्ककरांचं अर्धं बरोबर आहे. नद्या वेगळ्या. ग्वाडालूपे थेट आखाताकडे जाते, फ्रिओ पुढे न्यूएसेस नदीला मिळते. पण दोघींचं माहेर एकच, एडवर्ड्स पठार. चुनखडीचा खडक, त्यावर वीतभर माती, तीव्र उतार. पाऊस मुरतच नाही, पत्र्याच्या छपरावरून पन्हाळीत यावा तसा नदीत येतो. त्यात आखाताकडची दमट हवा बाल्कोनेसच्या चढाला अडून वर जाते आणि एकाच जागी ओततच राहते. या पट्ट्याला 'फ्लॅश फ्लड अ‍ॅली', म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली, म्हणतात ते उगाच नाही. आणि कोरडी नदी म्हणजे सुरक्षित नदी हा समज तर पार काढून टाका. तुमच्या तंबूवर टिपूस नसतो आणि पूर वरच्या अंगाला लेकीच्याही पलीकडे पडलेल्या पावसाचा येतो. (लीकी नव्हे हो, गावाचा उच्चार लेकी. आपल्याला सोपा.)

गेल्या जुलैत घात केला तो रात्रीने. ग्वाडालूपेकाठच्या केर काउंटीसाठी हवामान खात्याचा इशारा मध्यरात्रीनंतर 1 वाजून 14 मिनिटांनी निघाला होता. तो ऐकायला जागं कोण होतं? हंट गावाजवळ पाणी पाऊण तासात 26 फूट चढलं असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं. 26 फूट म्हणजे दोन मजले आणि वर थोडं. तंबूची चेन सापडेपर्यंतचाच काय तो वेळ.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दिवस नदीत घालवा, झोपायला वर या. गार्नरमध्ये हे सहज जमतं, पार्क काही एका ओळीत वसलेलं नाही. टेकडीच्या बाजूलाही जागा आहेत, जाळीच्या भिंतींचे निवारे आहेत. तिथून नदीपर्यंत चालत जाता येतं. सकाळी चेन उघडल्यावर समोर नदी दिसणार नाही, ज्युनिपरचं झाड दिसेल. त्यानेही चालतं. त्याच झाडाच्या सालीचे धागे काढून इथली सोनेरी गालांची वॉर्बलर घरटं बांधते. जगातली प्रत्येक सोनगाली मध्य टेक्सासातच जन्मते, दुसरीकडे कुठेही नाही. जूनमध्ये नशीब असेल तर दिसेल. मला आजवर एकदाच दिसली, तीही हिनेच दाखवली.

आणखी दोन गोष्टी. त्या खोऱ्यात फोनला धड रेंज मिळत नाही, तेव्हा "फोनवर अलर्ट येईल" यावर विसंबू नका. हवामान खात्याचा बॅटरीवर चालणारा रेडिओ मिळतो, इशारा आला की स्वतःच किंचाळतो. माझ्याकडे एक आहे, मंडळाने दुसरा घ्यावा. आणि रस्त्यात जागोजागी आपल्याकडच्या फरशी पुलासारखे सखल पूल आहेत. त्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालायची नाही. निघायच्या आधी कॉनकॅनच्या नदीमापकाचा आकडा बघायची जबाबदारी मी घेतो. भूगर्भ खात्याच्या संकेतस्थळावर तो दिवसभर दिसतो. पाणी कमी असेल तरी त्यावरून कळेल, म्हणजे दगडावर घासायचं की नाही तेही आधी ठरेल.

वहिनी, तुम्ही मुलींना घेऊन या. वर मुक्काम असेल तर आमचा तंबू तुमच्या शेजारी लावू.

* * *

प्रेषक: आजोबा (मुलाच्या खात्यावरून)
दिनांक: 5 जानेवारी

चि. सर्वांस आशीर्वाद.

मी तीन महिन्यांसाठी आलो आहे, सहलीच्या वेळी इथे नसेन. तरी लिहितो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. आम्ही वाचलो कारण ते दिवसाढवळ्या झालं. वडिलांनी पाणी बघितलं आणि आम्हाला हाताला धरून पर्वतीच्या दिशेला पळवलं. आईने दुधाचं पातेलं हातातून सोडलं नाही, पार वर जाईपर्यंत. घरातलं बाकी सगळं गेलं. तेच रात्री झालं असतं तर हे पत्र लिहायला मी नसतो.

काका म्हणतात ते करा. वर झोपा.

* * *

प्रेषक: सीडर पार्कहून
दिनांक: 6 जानेवारी

आजोबा, नमस्कार. माझं म्हणणं मागे घेतो.

आता जरा हलकं विचारू का? ढोल-ताशा पथकातले चौघे येणार आहेत. शनिवारी रात्री वाजवता येईल? आणि काही मंडळींनी खासगीत विचारलंय की थंड पेट्यांत 'तीर्थ' चालेल का.

* * *

प्रेषक: राउंड रॉकचे काका
दिनांक: 6 जानेवारी

ढोल नाही. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता असते, आणि दिवसासुद्धा तुमचा आवाज शेजारच्या जागेवर जाता कामा नये. लेझीम तंबूत खेळून दाखवलीत तर माझी हरकत नाही. तीर्थही नाही. टेक्सासच्या स्टेट पार्कांत उघड्यावर दारू पिणं तर सोडाच, दिसू देणंही नियमबाह्य आहे. ज्यांनी खासगीत विचारलं त्यांना खासगीत कळवा.

पण नाचायची हौस असेल तर गार्नरसारखी जागा नाही. नदीकाठी दगडी इमारत आहे, 1930 च्या दशकातल्या मंदीत बेकार पोरांना काम म्हणून सरकारने सीसीसी नावाची फौज उभारली होती, तिने बांधलेली. पार्क 1941 साली खुलं झालं. उन्हाळ्यात तिथल्या फरसबंद अंगणात रोज संध्याकाळी ज्यूकबॉक्स लावतात आणि अख्खं पार्क नाचतं. पंच्याहत्तरीचे आजोबा आणि बूट घातलेली पाच वर्षांची नात एकाच रांगेत. पिढ्यान्पिढ्या चाललंय, गणपतीतल्या मंडपासारखं. आमच्या हिला टू-स्टेप येतं, मला अजून नाही. सोय एवढीच की तिथे कोणी बघत नाही.

पार्कला ज्यांचं नाव आहे ते जॉन नान्स गार्नर जवळच्या युवाल्डीचे, रूझवेल्टचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. राज्याचं फूल म्हणून निवडुंगाचा आग्रह धरला म्हणून लोक त्यांना 'कॅक्टस जॅक' म्हणायचे. 1901 मध्ये मान मिळाला ब्लूबॉनेट या निळ्या रानफुलाला. बरंच झालं, नाहीतर मार्चमध्ये आपण सगळे मुलांना ब्लूबॉनेटऐवजी निवडुंगात बसवून फोटो काढत असतो.

* * *

प्रेषक: फ्लुगरव्हिलच्या काकू
दिनांक: 7 जानेवारी

जेवणाचं कोणी बोलतच नाहीये, म्हणून मी बोलते.

शुक्रवारी रात्री पोचायलाच उशीर होणार, त्यामुळे घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही. शनिवारी सकाळी थालीपीठ, भाजणी मी आणते. रात्री निखाऱ्यावर वांगी, भरीत, भाकरी. पण त्या काउंटीत आगबंदी लागलेली असेल तर निखारे विसरा, म्हणून गॅसच्या दोन शेगड्या हव्यातच. लाकूड पार्कात गोळा करायला परवानगी नाही, विकत घ्यावं लागतं.

रात्री खाण्याचं सगळं गाडीत बंद. गेल्या वेळी एका कुटुंबाने बेसनाच्या लाडवांचा डबा बाकड्यावर ठेवला होता. रकूनने झाकण फिरवून उघडलं. फिरवून! माझ्या नातवाला अजून जमत नाही ते.

* * *

प्रेषक: लिअँडरहून, दोन मुलांची आई
दिनांक: 8 जानेवारी

काका, आजोबा, मनापासून आभार. वर मुक्काम असेल तर आम्ही चौघं येतो, दोन्ही रात्री. मोठीला रेडिओचं सांगितलं. तो तिच्या उशाशी ठेवायचा अशी तिची अट आहे. चालेल ना?

* * *

प्रेषक: सहल समिती
दिनांक: 12 जानेवारी

मंडळी,

सकाळी तिघं तीन लॅपटॉप घेऊन बसलो होतो. चार जागा मिळाल्या, चारही वरच्या बाजूला, पैकी तीन एकमेकींना लागून. चौथी जरा लांब आहे, ती घोरणाऱ्यांना देण्याचा ठराव एकमताने झाला. नावं कोणी सुचवू नका, आमच्याकडे यादी आहे.

नदीकाठची एक जागा शेवटपर्यंत पडद्यावर दिसत होती. आमच्यातल्या एकाचा हात शिवशिवला, हे कबूल करतो. घेतली नाही.

रस्ता सान अँटोनियोवरून: 90 नंबरने पश्चिमेला सबिनालपर्यंत, तिथून 127 ने कॉनकॅन. जागा दुपारी 2 नंतर मिळते. दुसरा रेडिओ मंडळाच्या खर्चाने घेतला आहे. काकांचा रेडिओ काकांच्या तंबूत आणि मंडळाचा लिअँडरच्या ताईंच्या मोठीकडे. बॅटऱ्या बदलून ठेवायचं कामही तिलाच दिलं आहे.

काकू, दशम्यांचा आकडा 29.

— सहल समिती