मेडिकलवाल्याने समजावून सांगितलं तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत का?

मांजराकाठ (धागाकर्ती)

आत्याचं वय ६८. संधिवातासाठी तिला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं, पण अक्षर असं की लिहिणाऱ्यालाच लागावं. तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्ये काउंटरवरच्या पोराने पाकिटावर पेनाने ०-०-१ काढलं, "रात्री जेवण झाल्यावर" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आत्याने अकरा दिवस इमानेइतबारे रोज घेतली. तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळवेना, तेव्हा कुठे तिला लातूरला हलवलं. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. वाचली, एवढंच. त्या दुकानात फार्मासिस्टचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे. ते ज्याचं आहे त्याला आमच्या घरातल्या कुणीही आजवर पाहिलेलं नाही.

राग काढून झाला. आता मुद्दा. १९४८ चा फार्मसी कायदा म्हणतो, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तर रुग्णाला काय काय समजावायचं तेही लिहिलेलं आहे: औषध कशाचं, किती, कधी, दुष्परिणाम कोणते, ठेवायचं कसं, एखादा डोस चुकला तर काय करायचं. मी आजवर एकाही काउंटरवर "जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" यापलीकडे काही ऐकलेलं नाही. का ऐकणार? दुकानाला पैसा मिळतो तो पट्टी विकल्यावर. बोलण्याचं शून्य. उलट बोलत बसलं तर मागची चार माणसं समोरच्या दुकानात जातात.

म्हणून माझं मत असं की समजावून सांगण्याचे पैसे औषधाच्या किमतीपासून वेगळे करा. सरसकट नको. मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, फिट्सची औषधं, दम्याचे पंप, एवढ्यांपासून सुरू करा. वीस रुपये घ्या, पण खरा फार्मासिस्ट समोर उभा करा. बोला.

औषधवाला_सांगली

बोलतो. २७ वर्षं काउंटरमागे उभा आहे, स्वतः डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) आहे, सर्टिफिकेट माझं आणि त्याखाली उभा असलेला माणूसही मीच. आत्यांबाबत झालं ती चूकच आहे, तिचं समर्थन नाही.

पण वीस रुपये कोण देणार ते सांगा. किंमत नियंत्रणाखालच्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के, तेही आमच्या खरेदी किमतीवर. तीस रुपयांच्या पट्टीमागे चार रुपये. आणि माणूस अख्खी पट्टी घेतो कुठे? "पाच गोळ्या कापून द्या." उरलेल्या पाचांवर एक्सपायरीची तारीख राहिलेली नसते, त्या माझ्या गळ्यात. वर "ॲपवर वीस टक्के सूट आहे, तुम्ही किती देणार?" जो माणूस माझ्या चार रुपयांतले दोन मागतो, तो वीस वरून देईल?

बिनधास्त_बबन

अहो काका, रडगाणं पुरे. तुमच्या त्या १६ टक्क्यांत होलसेलरच्या 'दहावर एक फ्री' स्कीमा धरल्यात का? आणि किंमत नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर किती सुटतं ते पण लिहा की.

माझा अनुभव उलटा आहे. मी मागवतो ऑनलाइन. चिठ्ठीचा फोटो टाकतो, दुसऱ्या दिवशी बिल, बॅच नंबर, सगळं छापील. काउंटरवर मला कच्च्या कागदावर बेरीज मिळायची. फार्मासिस्ट तिथेही दिसत नाही, इथेही दिसत नाही. मग मी स्वस्तातलं न दिसणं का घेऊ नये?

औषधवाला_सांगली

@बबन, नियंत्रणाबाहेरच्यावर २० च्या आसपास. स्कीम मिळते, खोटं कशाला बोलू. पण ती मिळते खोकी उचलणाऱ्याला, माझ्यासारख्या पेटीतून चार पट्ट्या घेणाऱ्याला नाही. बाकी रात्री साडेदहाला पोराला ताप आला की तुमचं ॲप शटर वर करतं का?

स्टेथो

मी कोल्हापूरजवळ जनरल प्रॅक्टिस करतो. धागाकर्तीच्या आत्याबद्दल वाईट वाटलं, पण सुचवलेला उपाय मला धोक्याचा वाटतो. सल्ल्याला पैसे लावलेत की सल्ला वाढणार, आणि सल्ला वाढला की त्याचा इलाज होणार. आज फुकटात काय चाललंय ते बघा. नायटा घेऊन येणारे दहा पेशंट धरले तर त्यातल्या बहुतेकांनी आधी मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून महिना-दोन महिने चोळलेली असते. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा असा पसरतो की त्याची मूळची कडाच ओळखू येत नाही. अशी मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दिली जातात की नाही ते काउंटरवर जाऊन पाहा. अँटिबायोटिकचं तेच. त्यातली बरीच एच-वन या आणखी कडक यादीत आहेत, तिचं रजिस्टर १ मार्च २०१४ पासून आहे: रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, संख्या, आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. कितीजण प्रामाणिकपणे भरतात? आधी विकायचं नाही ते विकू नका. समजावण्याचं मग बघू.

मांजराकाठ

@स्टेथो, नायट्याचं मान्य, आमच्या घरातही ती ट्यूब आहे. पण तुम्ही 'पैसे घेऊन डॉक्टरकी' आणि 'डॉक्टरने दिलेलं औषध नीट समजावणं' या दोन गोष्टी एकत्र केल्यात. मी दुसरीबद्दल बोलतेय.

२०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या ६२२ औषध दुकानांत प्रशिक्षित खोटे पेशंट पाठवले होते. नुसता दोन-तीन आठवड्यांचा खोकला सांगितला तेव्हा फक्त १३ टक्के वेळा दुकानदाराने योग्य वागून डॉक्टरकडे पाठवलं, आणि ३७ टक्के वेळा अँटिबायोटिक दिलं. तशाच पेशंटने टीबीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला तर योग्य वागणं ६२ टक्क्यांवर गेलं, अँटिबायोटिक १६ वर आलं. टीबीची मुख्य औषधं तर कुणीच परस्पर दिली नाहीत. म्हणजे निदान कागदावर समोर असलं की हाच मेडिकलवाला बराच शहाण्यासारखा वागतो. मग चिठ्ठीवर निदान का लिहीत नाही तुम्ही लोक?

औषधवाला_सांगली

निदान राहू द्या, अक्षर तरी! सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्या बघा, पावसात भिजलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारख्या.

आणि डॉक्टरसाहेब, दवाखान्याच्या जिन्याखालच्या मेडिकलबद्दलही लिहा की दोन ओळी. त्याचं डिपॉझिट कुणाकडे असतं, आणि चिठ्ठीवरचा ब्रँड फक्त त्याच दुकानात का मिळतो? तोच क्षार, म्हणजे तेच मूळ औषध दुसऱ्या नावाने, माझ्याकडे निम्म्या किमतीत पडून असतो, पण मी बदलून देऊ शकत नाही. औषध नियमावलीतला ६५ वा नियम: चिठ्ठीवर लिहिलेल्याच्या जागी दुसरं द्यायचं नाही. फार्मासिस्ट म्हणून मला एवढाही अधिकार नाही, आणि तुम्ही म्हणता मी डॉक्टरकी करीन.

स्टेथो

जिन्याखालचं मेडिकल माझं नाही, पण प्रकार खरा आहे, नाकारत नाही. अक्षराबद्दल मात्र माफी मागायला तयार. दिवसाला ऐंशी पेशंट तपासताना शेवटच्या वीस चिठ्ठ्यांचं काय होतं ते मलाच माहीत.

फ्रेममधला_माणूस

हा आयडी आजच काढलाय, कारण खरं लिहायचंय. धागाकर्तीने म्हटलेलं काचेतलं सर्टिफिकेट, तसं एक माझं आहे. २०१९ चा डी.फार्म. माझं सर्टिफिकेट गावाकडच्या एका दुकानात लटकतंय आणि मी पुण्यात एका कंपनीत विम्याचे क्लेम तपासतो. दुकानमालक वर्षाला तीस हजार देतो. दुकानात उभा राहायला गेलो होतो, आठ महिने. बारा तास, महिना चौदा हजार, आणि काम काय, तर रॅकवरून काढून देणं आणि संध्याकाळी एक्सपायरी शोधणं. एकदा एका बाईंना दम्याचा पंप कसा ओढायचा ते दाखवत होतो, मालक गल्ल्यावरून ओरडला, "मास्तर, शाळा सुटली का?"

शिक्षा वाढवून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: फार्मासिस्ट नसताना औषध दिलं तर दंड पूर्वी जास्तीत जास्त हजार रुपये होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो दोन लाखांपर्यंत नेला. आमच्याकडे परिणाम एवढाच झाला की माझं भाडं पंचवीसचं तीस झालं.

बिनधास्त_बबन

भाऊ, प्रामाणिकपणाचं कौतुक, पण तुझ्या तीस हजारांत कुणाची तरी आत्या आहे हे कळतंय ना?

फ्रेममधला_माणूस

कळतंय. म्हणून तर लिहिलं. मार्चमध्ये करार संपतोय, पुढे देणार नाही. माझ्या जागी दुसरी फ्रेम येईल, ती गोष्ट वेगळी.

औषधवाला_सांगली

@फ्रेममधला, तुझ्यासारख्यांमुळे माझ्यासारखा प्रामाणिक दुकानदार महाग पडतो. २०१२-१३ मध्ये महेश झगडे एफडीएचे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे) आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर धडाधड कारवाया झाल्या. आमच्या संघटनेने बंद पुकारले, मीही शटर ओढलं होतं. आज खरं सांगतो, मनातून मला ती कारवाई हवी होती. बंदमध्ये गेलो कारण न जाणाऱ्याला स्टॉकिस्ट माल देताना हात आखडतात.

लेस्टरकर

मी मूळचा साताऱ्याचा, इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे. धागाकर्तीच्या कल्पनेसारखं इथे काही अंशी आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' सुरू झालं: घसादुखी, कानदुखी, नागीण, बायकांचा साधा लघवीचा संसर्ग अशा सात तक्रारींसाठी लोक थेट आमच्याकडे येतात, आणि अशा एका सल्ल्याचे पैसे (२०२४ मध्ये सुरुवातीला १५ पौंड) एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, दुकानाला देते. पेशंटच्या खिशातून सल्ल्याचा एक पेनीही जात नाही. @स्टेथो यांची भीती इथल्या डॉक्टरांनाही होती. म्हणून प्रत्येक तक्रारीची चौकट आखून दिली आहे, चौकटीबाहेरचा पेशंट परत डॉक्टरकडे.

पण आत्यांचं जे झालं ते अडवायला सल्लासुद्धा लागत नाही, लेबल पुरतं. इथे प्रत्येक खोक्यावर पेशंटचं नाव आणि कसं घ्यायचं ते छापून चिकटवल्याशिवाय औषध बाहेर जात नाही. मेथोट्रेक्सेटवर तर आठवड्याचा कुठला वार तेही येतं. गुलाबी चित्र नको म्हणून हेही सांगतो: सरकार देतं ते पैसे पुरत नाहीत म्हणून गेल्या काही वर्षांत इथलीही बरीच दुकानं बंद पडली आहेत.

बिनधास्त_बबन

साहेब, तिकडे एनएचएस देते. इकडे कोण देणार, ग्रामपंचायत?

मांजराकाठ

देता येईल. टीबीचा रुग्ण कळवला की खाजगी डॉक्टरला सरकार पाचशे रुपये देतंच ना? टीबीची औषधं विकणाऱ्या दुकानांनाही २०१८ पासून माहिती कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे सरकारला मेडिकलवाला दिसतो, त्याच्याकडून काम घ्यायचं असतं तेव्हा. तोच हात पुढे करून दहा-बारा धोक्याच्या औषधांपुरता मोबदला द्या, आणि तो दुकानाला नको, हजर असलेल्या फार्मासिस्टच्या खात्यात, त्याच्या नोंदणी क्रमांकावर. मग फ्रेमपेक्षा उभ्या माणसाला भाव येईल.

औषधवाला_सांगली

सरकारी बिल? मोबदला मिळेपर्यंत आत्याचं श्राद्ध आणि माझी निवृत्ती दोन्ही होईल. क्षमस्व, जीभ घसरली. पण खात्यात नोंदणी क्रमांकावर, ही गोष्ट बरी आहे.

धडगावची

मी आशा कार्यकर्ती आहे, तुमची चर्चा वाचतेय. तुम्ही सगळे दुकान आहे असं धरून बोलताय. आमच्या पाड्यावरून दुकान म्हणजे पायी उतरून मग जीप. माझ्या पेटीत पॅरासिटामॉल, ओआरएस, लोहाच्या गोळ्या. बाकीचं बाजाराच्या दिवशी. बाजारातल्या मेडिकलवाल्याला भिल्ली आणि पावरी दोन्ही येतात, डॉक्टरला मराठीसुद्धा कधी कधी येत नाही. बायका त्यालाच डॉक्टर म्हणतात. शिकलेला फार्मासिस्ट पाहिजेच असा कडक नियम उद्या खरंच लावलात तर ते दुकान बंद होईल, शिकलेला माणूस तिकडे येणार नाही. मग बाजारातून सलाईन लावणारा बंगाली तेवढा उरेल.

लेबल म्हणताय, तर वाचणार कोण? मी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते. आठवड्याच्या गोळीला काय काढायचं ते मला सुचत नव्हतं. आता बाजाराचा दिवस म्हणून टोपली काढते, ते समजतं.

स्टेथो

@धडगावची, टोपली मी उचलतोय. उद्यापासून.

औषधवाला_सांगली

आमच्याकडे आठवडी बाजार शनिवारचा. मेथोट्रेक्सेटच्या पट्टीवर 'फक्त शनिवार' लिहून देईन, रबरी शिक्काच करून घेतो. त्याचे पैसे मागणार नाही.

पण मांजराकाठ, खरं सांगा. त्या दिवशी त्या पोराच्या जागी मी असतो आणि 'आजी, दोन मिनिटं बसा, नीट समजावतो, वीस रुपये होतील' म्हणालो असतो, तर आत्यांनी दिले असते?

मांजराकाठ

आत्ताच फोन करून विचारलं. म्हणाली, "वीस रुपये? मग त्यातल्या दोन गोळ्या कमी कर म्हणाले असते."