अनुभव धागा : खेळात बोललेली मुले

राग, भीती किंवा दुःख मुलांना शब्दांत सांगता आले नाही, तेव्हा ते खेळातून कसे बाहेर आले आणि त्या वेळी आपण नेमके काय केले, हे सीमाभागातील पालकांनी व शिक्षकांनी येथे लिहावे. फसलेले प्रयत्नही लिहावेत. मुलांची नावे मात्र देऊ नयेत.

निपाणी, आई : ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेला महापूर आला, यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला आणि आम्हाला रातोरात घर सोडावे लागले. पाणी ओसरल्यावर माझी सहा वर्षांची मुलगी अंगणात मातीचे घर करून त्यावर रोज तांब्याने पाणी ओतू लागली. असला अभद्र खेळ नको, म्हणून मी दोनदा रागावले, ते चुकलेच. नंतर नुसती शेजारी बसले, तेव्हा लक्षात आले की दर वेळी मातीची म्हैस आधी बाहेर निघते आणि बाहुली शेवटपर्यंत घरातच राहते. त्या रात्री तिच्या वडिलांनी आधी गोठ्यातील दावी सोडली होती. "बाहुलीला काय वाटत असेल?" एवढेच मी विचारले. "म्हैस दूध देते, मी काय देते?" असे बाहुली म्हणाली. हे ऐकून तिचे वडील स्वतः खेळायला बसले आणि त्यांनी बाहुलीला आधी उचलले. त्यानंतरही तो खेळ महिनाभर चालूच होता.

खानापूर, आजोबा : नातू घरी मराठी बोलतो, शाळा कन्नड माध्यमाची आहे. शाळा-शाळा खेळताना तो गुरुजी होऊन उशांना पट्टीने मारत "सुम्मनिरु" (कन्नडमध्ये 'गप्प बस') असे ओरडत असे. मी उशांच्या रांगेत बसलो आणि मुद्दाम चुकत राहिलो. चार-पाच दिवसांनी गुरुजींनी मला हळूच मराठीत उत्तर सांगितले. वर्गात त्याला प्रश्नच कळत नव्हता.

बेळगाव, समुपदेशक : लंडनमध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी मुलांपुढे वाळूचा ट्रे आणि छोटी खेळणी ठेवली, आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्याची मातीही पुरते. अर्थ लावण्याची घाई मात्र करू नये. खेळाबरोबर झोप आणि जेवणही बिघडले असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

चिकोडी, मावशी : बारा वर्षांच्या भाचीपुढे मी बाहुल्या मांडल्या, तेव्हा ती हसली आणि उठून गेली. कॅरम मात्र तिला आवडतो. दोघींची नजर सोंगट्यांवर असताना, स्ट्रायकर लावता लावता, आईबाबांच्या भांडणाविषयी ती आपणहून बोलली. तो डाव पुरा झाला नाही.