प्रोटीनचा टॅग काढायला कुठला प्रोटिएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) वापरलात? अनुभव लिहा

पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रोटीनचा हिस-टॅग (शुद्ध करायला जोडलेली हिस्टिडिनची शेपटी) काढून क्रिस्टल लावायचेत. प्रोटिएज थ्रॉम्बिन घेऊ की टीईव्ही, रोज नवं मत ऐकतेय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा, फसलेलं असेल तर तेही सांगा प्लीज.

—

पेट-२८ प्लास्मिडमध्ये थ्रॉम्बिनची साइट (तो कापतो ती जागा) आयतीच मिळते म्हणून मी तेच घेतलं, रात्रभर बाहेरच ठेवलं आणि सकाळी जेलवर एकाच्या जागी तीन बँड! प्रोटीनच्या एका सैल लूपमध्ये आर्जिनिन होतं, तिथेही कापलं गेलं. मग दर अर्ध्या तासाला सॅम्पल काढून पीएमएसएफने (प्रोटिएज बंद पाडणारं रसायन) थांबवून बघितलं तर दोन तासातच काम झालेलं, पुढची सगळी रात्र प्रोटीनचे तुकडेच पडत होते. ती बॅच चार लिटर कल्चरची होती, अजून जीव हळहळतो.

—

टीईव्हीच घे गं. आम्ही लॅबमध्येच बनवतो, एस२१९व्ही म्युटंट, कारण साधा टीईव्ही स्वतःलाच कापत बसतो. प्रोटीनच्या १:५० प्रमाणात घालून ४ डिग्रीला डायलिसिस बॅगमध्येच रात्रभर, तेवढ्यात इमिडाझोलही (पहिल्या कॉलमवरून प्रोटीन सोडवायला वापरलेलं) निघून जातं, दुसऱ्या दिवशी परत निकेल कॉलम, हिस-टॅग त्याला चिकटतो. टीईव्हीलाही हिस-टॅग असतो त्यामुळे तो आणि कापलेला टॅग अडकतात, तुझं प्रोटीन फ्लोथ्रूमध्ये, म्हणजे न अडकता वाहून येतं.

—

माझ्याकडे टीईव्हीने कापलंच नाही. १:१० पर्यंत नेलं तरी तेच. प्रोटीन डायमर (दोन-दोन जोडीने चिकटलेलं), साइट आत दबलेली. शेवटी मध्ये ग्लायसिन-सेरिनचा छोटा लिंकर टाकून परत क्लोनिंग केलं, मग तासाभरात साफ.

—

आमचा केमोकाइन (पेशींना बोलावणारं छोटं प्रोटीन), त्याच्या सुरुवातीला एकही जास्तीचं अमिनो ॲसिड चालत नाही. रँटेस नावाच्या केमोकाइनला नुसतं मेथिओनिन चिकटलं तरी तो रिसेप्टर चालू करायच्या ऐवजी अडवतो. टीईव्ही मागे ग्लायसिन नाहीतर सेरिन ठेवतो, ३सी प्रोटिएज तर ग्लायसिन-प्रोलिन. म्हणून सुमो टॅग (हे एक छोटं प्रोटीनच) लावला. त्याचा प्रोटिएज यूएलपी१ सुमोची घडीच ओळखतो आणि दोन ग्लायसिननंतर कापतो, मागे काहीच उरत नाही. फक्त तुमचं पहिलं अमिनो ॲसिड प्रोलिन नको.

—

सगळ्यांचे खूप आभार. सिक्वेन्स काढून बघितला, माझ्याही लूपमध्ये दोन आर्जिनिन आहेत. आज २० मायक्रोलिटरमध्ये टीईव्ही लावतेय, उद्या जेल चालवून इथेच सांगते.