मध्यम निळा : एकच रंग, अख्खं घर?

उंबरठा
घराचं रंगकाम काढलंय. सध्या बैठकीची खोली पिस्ता, निजायची गुलाबी, आतली पिवळी, आणि बोळात मागच्या वेळी डब्यात जे उरलं होतं ते. सगळी दारं उघडी टाकून मधोमध उभं राहिलं की कुणीतरी शेड कार्ड पसरून ठेवल्यासारखं दिसतं. एक ना धड भाराभर चिंध्या. म्हणून या खेपेला छत आणि चौकटी पांढऱ्या, बाकी झाडून सगळ्या भिंतींना एकच मध्यम निळा द्यायचं मनात आहे. आकाशीहून गडद, नेव्हीहून बराच फिका. दोन-तीन वर्षं धुतलेल्या जीन्सचा असतो तो. घरातले म्हणतात, वेड लागलंय. मला वाटतं घर सलग दिसेल आणि लाकडी सामान उठून दिसेल. विरोध असेल तर कारणासकट लिहा, नुसतं 'डार्क होईल' नको.

दुसराकोट
पण कारण तेच आहे राव! हिशोबासकट देतो. बऱ्याच शेड कार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो. पडलेल्या उजेडातला किती टक्के भिंत परत देते, तो हा आकडा. पांढऱ्याचा 80 च्या पुढे, तुम्ही सांगताय तसल्या निळ्याचा 25 च्या आसपास. खिडकीतून आलेला उजेड भिंतींवर आपटत आपटत कोपऱ्यापर्यंत पोचतो. पांढऱ्यावर दोनदा आपटला तर 100 पैकी 64 शिल्लक, निळ्यावर दोनदा आपटला तर 6. बैठकीच्या खोलीत खपून जाईल. बोळाला खिडकी आहे का?

उंबरठा
नाही.

दुसराकोट
मग भर दुपारी दिवा लावून चालायची तयारी ठेवा.

गवाक्ष
हिशोब बरोबर, पण बोळाला लावू नका. बिनखिडकीच्या बोळाला पांढरा दिला म्हणून तो उजळत नाही. परत द्यायला मुळात उजेडच नसेल तर पांढरा तरी काय देणार? मळकट राखाडी दिसतो, आणि वर हातांचे डाग. तिथे निळा निदान निळा तरी दिसतो.

आमच्याकडे सहा वर्षं अख्ख्या घरात हाच रंग आहे, म्हणून लिहितेय. रंग एकच असला तरी तो एक राहत नाही, ही त्यातली खरी मजा. ऊन थेट येतं त्या खोलीत दुपारी पांढुरका होतो. मागच्या खोलीत ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, तिथे ओल्या पाटीसारखा. रात्री 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली पार राखाडी, कारण त्या उजेडात निळा भागच कमी. आणि तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी दहाएक मिनिटं, भिंत आतून पेटल्यासारखी वाटते. सोफ्यावरची लाल उशी त्याच वेळी काळी पडलेली असते. उजेड कमी झाला की डोळा लालपेक्षा निळ्याला जास्त दाद देतो; पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 19व्या शतकात हे नोंदवून ठेवलंय. मी त्या दहा मिनिटांसाठी मुद्दाम दिवा उशिरा लावते, आणि त्यावरून बोलणीही खाते.

काठावरचा
गवाक्षताई, तुम्ही तर विरोधी पक्षाचंच वकीलपत्र घेतलंत. धागाकर्त्याला घर सलग हवंय, आणि तुम्ही सांगताय चार खोल्यांत चार रंग दिसतील. मग डबा एकच कशाला? सगळीकडे सारखं दिसायला हवं असेल तर अंधाऱ्या खोलीत त्याच रंगाचा हलका अवतार द्या. टिंटिंग मशीनवर त्याच फॉर्म्युल्याचं अर्धं टिंट, म्हणजे रंगद्रव्य, घालून मिळतं. दिसणं जुळायला हवं, डब्यावरचा नंबर जुळून काय उपयोग?

गवाक्ष
केलाय तो प्रयोग. अर्धं टिंट म्हणजे थेट आकाशी. दारात उभं राहून दोन्ही भिंती एकदम दिसल्या की 'इथे रंग कमी पडला का?' असंच विचारतात लोक. सावलीतली भिंत गडद दिसली तरी भिंत तीच आहे हे डोळ्याला कळतं. रंग बदलला तर तेही कळतं.

काठावरचा
पटलं नाही. पण असो.

चौथीखिडकी
आमचा एकाच खोलीचा अनुभव, आणि तो पुरला. निळा सुकला आणि दुसऱ्याच दिवशी पांढरी स्विचची पट्टी पिवळी दिसायला लागली. अगदी दातांसारखी पिवळी. आधी साबणाने पुसली, मग स्पिरिटने. शेवटी नवीन पट्टी आणून बसवली, तर तीही पिवळी! जुनी काढून पांढऱ्या कागदावर ठेवली, तर ती चांगली पांढरी होती. निळ्याच्या शेजारी पांढरा पिवळ्याकडे झुकतो, एवढंच. फ्रान्समधल्या गोब्लँ विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार शेव्हरल या रसायनतज्ज्ञाकडे गेली होती. धाग्यात खोट नव्हती, शेजारचे रंग नडत होते. तो 19व्या शतकातला किस्सा आधी माहीत असता तर माझा एक रविवार वाचला असता.

दुसरं, न्हाणीघर. आरशाभोवती निळ्या भिंती असल्या की तोंडावर पडणारा उजेडही निळसर होतो. आपण रोज सकाळी नुकतेच दुखण्यातून उठल्यासारखे दिसतो. तिथे नकोच.

दुसराकोट
न्हाणीघराला माझंही +1.

आता टिकण्याबद्दल. निळा विटतो, तपकिरी पडतो असं जुने लोक सांगतात. प्रशियन निळा या जुन्या रंगद्रव्याबद्दल ते खरं आहे, भिंतीतल्या चुन्यापुढे तो टिकाव धरत नाही. हल्ली निळ्या इमल्शनमध्ये बहुधा थॅलो निळा हे कृत्रिम रंगद्रव्य असतं, त्याला चुना बाधत नाही. नवीन प्लास्टर मात्र महिनाभर वाळू द्या आणि प्रायमर टाळू नका.

खरी अडचण टचअपची. पांढऱ्यावर ब्रश फिरवला तर तो लपतो. मध्यम निळ्यावर डब्यातलाच रंग लावा, तरी ठिगळ दिसतं. दाराशी खांदा घासतो तिथे मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, फिनिशला चकाकी चढते, आणि ती पुसून जात नाही. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते. अख्खं घर निळं म्हणजे अशा भिंती किती, मोजा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. एकच रंग असल्याने सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेता येतात. मशीनवरच्या दोन डब्यांत किंचित फरक राहतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. एकदा पडलाय, विसरत नाही.

गवाक्ष
उंबरठा, शेड कार्डाच्या चौकोनावर भरवसा ठेवू नका. चारही भिंती निळ्या झाल्या की त्या एकमेकींवर निळा उजेड टाकतात आणि रंग कार्डापेक्षा गडद होतो. दोन मोठे पुठ्ठे घ्या, दोन-दोन कोट मारा, आणि कोपऱ्यात काटकोनात उभे करा. मधल्या सांदीत जो रंग दिसेल तो तुमच्या खोलीचा. प्रत्येक खोलीत एकेक दिवस ठेवा, रात्रीसुद्धा बघा.

उंबरठा
आठवडाभराने लिहितोय. पुठ्ठे फिरवले. सांदीतला रंग खरंच अंगावर आला, म्हणून एक पायरी फिका घेतला. घरातल्यांना मागच्या खोलीतला आवडला, बैठकीतला नाही, माझं बरोबर उलटं. बोळात पुठ्ठा उभा केला आणि दिवा बदलून 4000 केल्विनचा, म्हणजे कमी पिवळा, लावला, तर तिथला रंग सगळ्यांत चांगला दिसला. दुसराकोट, माफ करा. खांदा घासतो तिथे सॅटिन, म्हणजे किंचित चकाकीचं फिनिश, मारायचं ठरवलंय.

तर ठरलं, अख्ख्या घराला निळाच. न्हाणीघर सोडून.

काठावरचा
म्हणजे अख्खं घर नाही झालं.

उंबरठा
न्हाणीघराचं दार बंदच असतं हो.