दलदल की पळवाट? स्ट्रिंगवाल्यांच्या अटी आणि आरंभीचं विश्व

काळी माती (अंबाजोगाई)
काल गटात एकांनी टाकलं: "स्ट्रिंगवाल्यांनी चाळीस वर्षांत तपासता येईल असा एक आकडा दिला नाही. आता 'स्वॅम्पलँड' नावाचं कुंपण घातलं, म्हणजे हार दिसायची नाही." उत्तर लिहायला बसलो तर तिथं मावेना, म्हणून हा धागा. स्ट्रिंगवाले म्हणजे सगळे कण बारीक तारांची कंपनं मानून गुरुत्व आणि क्वांटम जोडू बघणारे.

आधीची तक्रार काय होती? दहाचा पाचशेवा घात इतकी संभाव्य विश्वं, काहीही बसवा, बसतंच. त्यांच्यातल्याच कमरान व्हाफांनी २००५ला उलट सांगितलं. कागदावर धडधाकट दिसणारे कितीतरी सिद्धांत क्वांटम गुरुत्वाशी जोडायला गेलं की रुततात. या रुतणाऱ्यांचीच ती स्वॅम्पलँड, म्हणजे दलदल. वरून कसदार काळी, पाय टाकला की चिबड. मग हार झाकायचा प्रश्न येतो कुठं? ही तर स्वतःच्याच पिकाची खुरपणी झाली.

आणि आकडा हवाय ना? बेद्रोया आणि व्हाफा, २०१९. प्लँक लांबीहून (जिच्याखाली आजचं भौतिकशास्त्र चालत नाही) बारीक असलेला तरंग विश्वाबरोबर ताणत ताणत हबल क्षितिजाबाहेर (विस्तारत्या विश्वातल्या प्रकाशाच्या आवाक्याबाहेर) जाता कामा नये, एवढीच अट. ती लावली की इन्फ्लेशनची, म्हणजे आरंभी विश्व क्षणात प्रचंड फुगलं त्या टप्प्याची, ऊर्जा साधारण १ अब्ज जीईव्हीच्या (कणांच्या ऊर्जेचं एकक) खाली येते आणि 'आर' (आरंभीच्या गुरुत्वलहरी किती ते सांगणारा आकडा) जातो दहाच्या उणे तिसाव्या घाताच्या खाली. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींची २०२१ची मर्यादा ०.०३६, म्हणजे आर त्याहून कमी. जपानच्या नियोजित लाइटबर्ड उपग्रहाचं लक्ष्य ०.००१च्या आसपास. त्यांना तिथं काही सापडलं तर ही अट संपली. याहून उघडी पैज दाखवा.

मांजराकाठची (लातूर)
दादा, अर्धीच गोष्ट सांगायलात. जून २०१८ला व्हाफा मंडळींनी काय म्हटलं होतं? विभवाचा (क्षेत्राच्या ऊर्जेच्या आलेखाचा) उतार भागिले उंची हे प्लँक एककात १च्या आसपास असलंच पाहिजे. आता आरची मर्यादा ०.०३६ घ्या, १६नं भागा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. हाच भागाकार फार तर ०.०६७ येतो, १च्या कितीतरी खाली. म्हणजे साधं एका क्षेत्राचं इन्फ्लेशन तिथंच बाद. आणि कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राच्या विभवाचा माथा? तिथं उतार शून्य. हे लोकांनी दाखवल्यावर ऑक्टोबरपर्यंत अटीला 'किंवा' जोडला, की उतार नसेल तर वक्रता पुरेशी उणी हवी. नापास व्हायची वेळ आली की प्रश्नपत्रिका बदलायची.

शिवाय केकेएलटी, म्हणजे चार लेखकांच्या आडनावांच्या अक्षरांनी ओळखला जाणारा २००३चा लेख. त्यातला शेवटचा टी म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) संदीप त्रिवेदी. त्यांनी स्ट्रिंगमध्येच धन ऊर्जेचं, बराच काळ टिकणारं विश्व बांधायची रीत दिली. २०१८ची अट म्हणते असं विश्व नाहीच. एकाच घरातले दोघं, एक तरी चूक. अनुमानाला नियमाचा मान देऊ नका. मी या विषयात चार वर्षं घालवून प्रबंध सोडलाय, ऐकीव बोलत नाही.

हिंगोलीकर
भांडता कशाला? आमच्या औंढा नागनाथला लायगो, ती गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा, होऊ द्या. चार-चार किलोमीटरच्या भुजा. इन्फ्लेशनच्या गुरुत्वलहरी तिथंच ऐकू येतील.

मांजराकाठची (लातूर)
नाही येणार. लायगो दहा-वीस ते काही हजार हर्ट्झचं ऐकतं, म्हणजे कृष्णविवरांची धडक. इन्फ्लेशनच्या लहरी तिथं फार क्षीण असतात. त्या शोधायच्या तर सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या, म्हणजे आरंभीच्या विश्वातून उरलेल्या प्रकाशाच्या, ध्रुवीकरणात (तो प्रकाश कोणत्या दिशेनं डोलतो त्यात).

हिंगोलीकर
बरं, नाही तर नाही. पण विषय निघालाच आहे तर बोलतो. २०१६ला तत्त्वतः मंजुरी, २०२३ला २,६०० कोटी. तिथं काम कोण करणार? आमच्या तालुक्याचं पोरगं, का बाहेरून आलेलं? मी एका महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवलं. सुट्टीत पगार नाही. प्रयोगशाळेतला लेझर बिघडला तो सहा वर्षं तसाच पडून. व्यतिकरण (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजेड-अंधाराचे पट्टे पडणं) फळ्यावर चित्र काढून शिकवायचो, आणि लायगो म्हणजे दुसरं काय, व्यतिकरणच ना! एक पोरगी म्हणाली, "सर, एकदा तरी पट्टे दाखवा." नाही दाखवू शकलो.

निवृत्त मास्तर (परभणी)
जागा का निवडली तेही ध्यानात घ्या. इथली जमीन शांत म्हणून. किल्लारीच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३, मी औशाला होतो. जमीन शांत म्हणलं की मला अजून झोप येत नाही.

हिंगोलीकर
मास्तर, किल्लारी औंढ्यापासून दीडशे किलोमीटरच्या पुढं. पण २०२४च्या मार्चात आमच्याकडंही ४.५चा धक्का बसलाच की.

गोदाकाठ (नांदेड)
मोठ्या भूकंपाची भीती वेगळी आणि रोजची बारीक थरथर वेगळी. ही बारीक थरथर कमी हवी, ट्रक-रेल्वेची सुद्धा. बाकी हिंगोलीकर, रडगाणं पुरे. शिकलेलं पोरगं बारावी झालं की पुणं गाठतं, त्याला लायगो काय करणार?

हिंगोलीकर
रडगाणं? नऊ वर्षं काढून दाखवा मग बोला. पोरगं पुण्याला जातं कारण इथं वर्ग आहे, मास्तर नाही. तुम्ही नांदेडात बसून बोलायलात.

काळी माती (अंबाजोगाई)
हात जोडतो, धाग्यावर या. मांजराकाठची, 'किंवा' जोडला हे खरं, मान्य करायला जड जातंय पण मान्य. पण डेसी या दीर्घिकांच्या पाहणीचा २०२५चा निकाल बघा. गडद ऊर्जा (विश्वाचा विस्तार वेगावणारी) काळागणिक बदलते असा कल, वेगवेगळे सुपरनोव्हा (स्फोट झालेल्या ताऱ्यांचे) संच जोडले की २.८ ते ४.२ सिग्मा; सिग्मा जितके जास्त तितका योगायोग कमी. स्थिरांक नसून उतारावरून घरंगळणारं क्षेत्र, अटीला हवं तेच.

मांजराकाठची (लातूर)
परत अर्धं! त्याच जुळणीत डब्ल्यू (गडद ऊर्जेचा दाब भागिले घनता) पूर्वी उणे १च्या खाली होता. साधं घरंगळणारं एक क्षेत्र ती रेघ ओलांडूच शकत नाही. शिवाय शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात.

निवृत्त मास्तर (परभणी)
आमच्या नारळीकर सरांनी महास्फोटालाच आयुष्यभर प्रश्न विचारले. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांच्या लूप मार्गात, म्हणजे क्वांटम गुरुत्वाच्या स्ट्रिंगहून वेगळ्या वाटेत, तर स्फोटाच्या जागी उसळी येते. तुम्ही दोघं स्ट्रिंग सोडून दुसरं बघतच नाही.

मांजराकाठची (लातूर)
बघते, मास्तर. पण उसळीनंतरही त्यांच्या बऱ्याच गणितांत इन्फ्लेशन घ्यावंच लागतं.
दादा, २०१९चा आकडा तेवढा मी मान्य करते. गृहीतकं नेहमीची धरली तर तो मोडता येण्याजोगा आहे, आणि 'एक आकडा नाही' हे त्या गटातल्या माणसाचं म्हणणं चूक. पण उद्या आर ०.००२ सापडला आणि पुन्हा कुणी 'किंवा' जोडला, तर हाच धागा मी वर काढीन.

काळी माती (अंबाजोगाई)
काढा. तेव्हा मी त्यांची बाजू घेणार नाही, इथंच लिहून ठेवतो.

हिंगोलीकर
इतकं भांडलात, पण तो आर म्हणजे नेमकं काय ते सांगा. ताई, खरंच विचारतोय. परवा अकरावीच्या पोरांना सांगायचंय.

मांजराकाठची (लातूर)
सर, सुरुवातीच्या विश्वात दोन तऱ्हेची खळबळ. एक घनतेची, तिच्यातून पुढं दीर्घिका झाल्या. दुसरी खुद्द अवकाशाची, म्हणजे गुरुत्वलहरी. दुसरीची ताकद भागिले पहिलीची, तो आर. आणि माझ्याकडं पाच मिलिवॅटचा जुना लेझर पडून आहे. दोन चिरा असलेली पट्टीही आहे. पत्ता निरोपात टाका, परभणीच्या गाडीनं पाठवते.