कमानपाट्याची सुरी, सांबरशिंगाची मूठ, कातड्याचं म्यान: कोल्हापुरात कसं जमवायचं?

पंचगंगाकाठ:

जीपच्या जुन्या कमानपाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) फूटभर तुकडा हाताशी आहे, जाडी ६ मिमी. त्यातून ४ इंची पात्याची सुरी करायची आहे. शेतात, ट्रेकला वापरायला. शोकेसात ठेवायला नाही. मूठ सांबरशिंगाची करायचा विचार आहे. घरात भिंतीवर आजोबांच्या काळातलं शिंग आहे, त्याचा एक फाटा कापला तर ५ इंच सहज मिळतो. म्यान आपल्या चपलेच्या कातड्याचं.

हत्यारं म्हणाल तर लाकडी कोळशाची शेगडी, हेअर ड्रायर, हातग्राइंडर, कानशी, ड्रिल आणि बेंच व्हाइस. एवढ्यावर पात्याला पाणी (तापवून बुडवून कडक करणं) नीट बसेल का? मुठीत टँग (पात्याचा मुठीत जाणारा शेपटासारखा भाग) बसवताना भोक सैल होतं ते कसं टाळायचं? आणि चपलेचं कातडं म्यानाला चालतं की वेगळं आणायचं? मापं नेमकी सांगितलीत तर बरं होईल.

राधानगरी_रोड:

भावा, आधी करवत खाली ठेव.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘ट्रॉफी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात शिंग, हाड, दात, नख सगळं येतं. शिंग शिकारीचं की जंगलात आपोआप गळून पडलेलं, याने काही फरक पडत नाही. मालकी प्रमाणपत्र असेल तर शिंग घरात ठेवता येतं, वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातं. पण विकता येत नाही, भेट देता येत नाही, आणि कापून त्याची वस्तू बनवायचा विचारही नको. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये मुदत दिली होती. त्या वेळचा किंवा त्याआधीचा कागद घरात आहे का ते आधी शोध. नसेल तर फोटो इथे न टाकता वकिलाला विचार. आजीच्या बटव्यातलं उगाळायचं सांबरशिंगसुद्धा याच हिशेबात धरतात, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

परदेशी व्हिडिओत एल्क आणि रेड डिअरची शिंगं सर्रास दिसतात, कारण तिकडे बऱ्याच ठिकाणी गळलेलं शिंग उचलायला परवानगी असते. ते बघून दाजीपूरच्या वाटेवर शिंग शोधत फिरू नये.

पात्याचं म्हणशील तर शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. ४ इंची सुरी त्यात येत नाही. मात्र सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश निघतो, तेव्हा ती कमरेला लावून गावात फिरायचं नाही.

भट्टी_भाता:

पात्याचं मी सांगतो, मुठीचं शिंगवाले सांगतील.

कमानपाटा बहुतेक वेळा ईएन ४५ किंवा ५०सीआरव्ही४ जातीच्या पोलादाचा असतो. दोन्हीत कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सुरीला पुरेसा आहे, पण आत खोट निघायची भीती मोठी. पाटा आयुष्यभर वाकलेला-सुटलेला असतो, त्यात केसाएवढ्या भेगा असतात. पाटा रॉकेल लावून तासभर ठेव, कोरडा पूस, वरून खडूची भुकटी भुरभुर. भेग असेल तिथे काळी ओली रेघ उमटते. रेघ दिसली की तुकडा भंगारात. पाण्याच्या वेळी तो तुटणारच.

तुकडा लालभडक कर, हातोड्याने सरळ कर (पाट्याला बाक असतोच), पुन्हा तापवून राखेच्या डब्यात पुरून रात्रभर सोड. मऊ झाला की ६ मिमीचा ४ मिमी करायला हातग्राइंडरवर जीव काढू नकोस. उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर जॉब टाक, दोन्ही बाजू समांतर होऊन मिळतात. पुढची मापं: पातं १०० मिमी, रुंदी २८, पाठ ३.५ ते ४, मूठ ११० मिमी. धारेकडे कानशीने उतार काढ, पण धार काढू नकोस. पाणी देण्याआधी धारेची जाडी १ मिमी ठेव. त्याहून पातळ ठेवली तर तेलात शिरताना लाटेसारखी वाकते.

सगळी भोकं आधीच पाड. कडक झालेल्या पोलादाला साधं ड्रिल लागत नाही, बिट जळतं. हे वाचूनही निम्मे लोक विसरतात.

आता पाणी. शेगडीत भोकं पाडलेला पाइप आडवा टाक, ड्रायरची हवा खालून जाऊ दे, वर लाकडी कोळशाचा ५-६ इंच थर. पातं कोळशात खुपसून ठेवायचं नाही, पुढेमागे सरकवत राहायचं. नाहीतर टोक पांढरं होऊन जळतं आणि मागचा भाग काळाच. पहिल्यांदा तीन वेळा लाल करून नुसत्या हवेत थंड होऊ दे. दाणा बारीक होतो, आतला ताण सुटतो. चौथ्यांदा लोहचुंबक लावून बघ. साधारण ७७० अंशाला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून अजून एक छटा उजळ हवं. चिमूटभर मीठ पात्यावर टाक: ८०१ अंशाला मीठ वितळतं. ते विरघळून चकाकलं की अजून थोडं वर जा, आणि तेल. हे सगळं संध्याकाळी सावलीत. उन्हात लाल रंग फसवतो.

तेल शेंगतेल, ४-५ लिटर, ५० ते ६० अंश कोमट, लोखंडी डब्यात, झाकण जवळ. पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी चुकूनही नाही. जळकं इंजिन ऑइल वापरू नकोस, धूर विषारी. टोक खाली करून सरळ घाल, मग फक्त वरखाली किंवा धारेच्या दिशेने हलव. आडवं हलवलंस की वाकलंच. विळ्या-कोयत्याला लोहार पाण्यात पाजतात म्हणून हेही पाण्यात घालायचा मोह होतो. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की समज, पातं गेलं.

तेलातून काढल्यावर कानस घसरली पाहिजे. वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळालेला असतो, म्हणून आधी दोन-तीनदा घासून मग ठरव. त्याच दिवशी टेंपर (ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवणं): घरच्या ओव्हनमध्ये वाळूच्या ट्रेत २०० अंश, दोन तास, थंड, परत दोन तास. ओव्हनचा काटा खोटं बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेव. घासलेल्या जागी गवती पिवळा रंग आला की बरोबर. जांभळा-निळा आला तर मऊ झालं, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं नको असेल तर शिरोलीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडे दे आणि ५६ ते ५८ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) असं लिहून दे. नुसतं ‘कडक करा’ म्हणालास तर ते करतील ते तुझ्या नशिबाचं.

शिंगकाम_हौशी:

सांबरशिंग आणि म्हशीचं शिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मराठीत दोघांनाही शिंगच म्हणतो म्हणून घोळ होतो. हरणवर्गाचं शिंग म्हणजे हाड: बाहेर टणक, आत जाळीदार, दरवर्षी गळणारं. म्हशीचं शिंग नखासारखं, आत हाडाचा गाभा असलेलं. सांबराच्या शिंगात जाळी कमी आणि टणक भाग जास्त, म्हणूनच एकेकाळी शेफील्डचे सुरीवाले ते भारतातून मागवायचे. तो काळ गेला.

तुला म्हशीचं शिंग सरळ पडतं. टोकाकडचे ५-६ इंच भरीव असतात, तेवढाच भाग घे. बुडखा पोकळ असतो. कापलेला तुकडा सावलीत निदान चार-सहा महिने वाळलेला हवा. ओलं शिंग बसवलंस तर उन्हाळ्यात आक्रसून मुठीच्या तोंडाशी बसवलेल्या पितळी कडीपासून केसभर फट सोडतं आणि पावसाळ्यात फुगतं.

सैल भोकाचं कारण एकच: टँगच्या रुंदीएवढं ड्रिल वापरतात. टँग १० मिमी रुंद, ४ मिमी जाड असेल तर ४ मिमीचं बिट घेऊन त्या १० मिमीच्या दोन टोकांना दोन भोकं पाड, खोली ७० मिमी. मधली भिंत तुटक्या करवतीच्या पात्याने किंवा बारीक कानशीने काढ. ड्रिल हळू फिरव आणि दर १० मिमीला बाहेर काढून भुकटी झटक. केस जळल्याचा वास आला म्हणजे भोकात शिंग जळून बिटाला चिकटतंय. काही जण टँग तापवून शिंगात घुसवतात. घट्ट बसतो खरा, पण भोवतालचं शिंग जळून ठिसूळ होतं आणि सहा महिन्यांत मूठ डुगडुगते. शिवाय पात्याचा टेंपर जातो तो वेगळाच.

टँगवर कानशीने खाचे पाड, थिनरने पूस, चोवीस तासवाला अरल्डाइट भर. पाच मिनिटांचा नको, तो ठिसूळ असतो आणि पाण्याने सुटतो. भोक आधी अर्धं भर, मग टँग सावकाश घाल, नाहीतर तळाला हवा अडकते आणि रात्रीत मूठ २-३ मिमी बाहेर ढकलली जाते. आडवी ४ मिमीची एक पितळी पिन पुरे, भोक ४.१. पिन हातोड्याने फुलवायची नाही, चिकटवायची. शिंग रेषांच्या दिशेने चिरतं.

सांबरासारखा खडबडीतपणाच हवा असेल तर म्हशीच्या नळीचं हाड घे. साबणाच्या कोमट पाण्यात तीन-चार दिवस, पाणी बदलत, चरबी निघेपर्यंत. उकळत ठेवू नकोस, ठिसूळ होतं. त्यावर गोल कानशीने लांबट खाचे पाड, पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात बुडव, वाळव, मग ४०० च्या पेपरने फक्त उंचवटे घास. खाचे तपकिरी राहतात, वरचं हाड पिवळट उजळतं. दोन हातांवरून बघणाऱ्याला सांबरच वाटतं. हाडाची धूळ मात्र फुप्फुसाला वाईट: एन९५ मास्क आणि ओलं घासणं, दोन्ही.

भट्टी_भाता:

ट्रेकला वापरायची असेल तर अर्धा टँग कशाला? पूर्ण टँग (मुठीच्या आकाराएवढा) ठेवून दोन्ही बाजूंना ८ मिमीच्या शिंगाच्या पट्ट्या लावा. तयार पट्ट्या उत्तर प्रदेशातल्या संभलहून मिळतात, शिंगकामासाठी ते गाव प्रसिद्धच आहे.

शिंगकाम_हौशी:

@भट्टी_भाता पूर्ण टँग मजबूत, मान्य. पण शिंगाची सपाट पट्टी पावसाळ्यात कडांनी वर उचलते. लावणारच असाल तर पट्टी गरम पाण्यात मऊ करून दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. गरम असतानाच क्लँप काढला की परत वळते. मधे पातळ फायबरचा थर टाका, तो थोडी हालचाल पचवतो. मुठीला लोकरी कपड्यांसारखी कसर लागते हेही लक्षात असू द्या: लोकर खाणारा किडा शिंगही खातो. वर्षभर ट्रंकेत ठेवायची नाही.

रापी_आरी:

कातड्याचं.

चपलेचं कातडं म्हणजे कुठलं, ते आधी बघा. तळाचं म्हशीचं, ४-५ मिमी जाड. म्यानाला ते फार होतं, वळवताना वरचा पापुद्रा तडकतो. २.५ ते ३ मिमी हवं. सुभाषनगरात कारागिरांकडे मागताना ‘बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं’ असं स्पष्ट सांगा. क्रोमचं (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं) कातडं नको: ओलं करून आकार दिला तरी तो टिकत नाही, आणि त्यातले क्षार पात्याला गंज चढवतात. ओळख सोपी. कापलेली कड बघा, आत निळसर-करडी असेल तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर सालीचं. शंका असेल तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाका. सालीचं कातडं आक्रसून वाकडं होतं, क्रोमला फारसं काही होत नाही.

कागदाचा नमुना काढा. सुरी कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ, धारेच्या बाजूला १२ मिमी आणि पाठीकडे घडी. दोन पदरांच्या मधे धारेच्या बाजूला १० मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी घालायचीच. ती नसेल तर सुरी घालता-काढताना धार टाक्यावर घासते आणि महिन्याभरात शिवण उसवते. पट्टी टोकाकडे रापीने निमुळती करा.

चिकटवा, कडेपासून ५ मिमीवर रेघ ओढा, ४ मिमीवर टाका. आरी थोडी तिरकी धरा, सगळी भोकं एकाच कोनात. दोन सुयांनी शिवायचं, दोरा शिवणीच्या पाचपट. जाड थर असल्याने नेहमीपेक्षा जास्त लागतो, आणि मधे दोरा संपला की गाठ दिसतेच. चपलेसारखी वादी वापरू नका, दिसायला देखणी पण ओली झाली की ताणते.

शिवून झालं की कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, मिनिटभर. सुरीला प्लास्टिकची फिल्म दोन वेढे गुंडाळा आणि आत घाला, मुठीच्या कडीपाशी बोटांनी दाबून आकार द्या. फिल्म विसरलात तर कातड्यावर काळे-निळे डाग पडतील: हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, पूर्वी तशीच करायचे. डाग ताजा असेल तर लिंबू चोळा. ग्राइंडरची लोखंडी भुकटी पडलेल्या टेबलावर ओलं कातडं ठेवू नका, सगळीकडे मिरीएवढे ठिपके उमटतात. वाळवायचं सावलीत, उन्हात कड उलटते. तेल थोडंच: चप्पल तेलात मुरवतात तसं म्यान मुरवलंत तर ते लुळं पडतं आणि सुरी गळते.

पंचगंगाकाठ:

शिंग भिंतीवरच राहू दे, कागद शोधतो. म्हशीचं घेतो. दोन शंका: पातं तेलातून २ मिमी वाकडं निघालं तर? आणि म्यानातच सुरी ठेवायची का?

भट्टी_भाता:

तेलातून काढल्यावर पहिले काही सेकंद पातं अजून पूर्ण कडक झालेलं नसतं. जाड हातमोजे घालून व्हाइसमध्ये दोन लाकडी फळ्यांत दाबायचं. गार झाल्यावर हातोडा मारशील तर दोन तुकडे. राहिलेला बाक टेंपरच्या वेळी: सरळ लोखंडी पट्टीला क्लँप, मधे नाण्याएवढा तुकडा ठेवून उलट बाजूला थोडं जास्त ताण, आणि तसंच ओव्हनमध्ये. दुसऱ्या फेरीनंतर सोडून बघ.

रापी_आरी:

म्यानात ठेवू नका, निदान जून ते सप्टेंबर तरी नाही. कातडं हवेतली ओल धरतं. पात्याला तेलाचा हात फिरवून सुरी वेगळी, म्यान वेगळं, दोन्ही उघड्यावर. म्यानावर पांढरी बुरशी आली तर कोरड्या कापडाने पुसून दोन दिवस पंख्याखाली. आणि तोंडाशी बटण लावणार असाल तर पितळी घ्या, लोखंडी बटणाभोवती पहिल्या पावसातच काळं वर्तुळ येतं.